डॉल्फिनच्या टोपीवाले म्हात्रे

पेण, वडखळ, कासू, नागोठणे, खांब, कोलाड ते धाटाव या मार्गावरील तमाम प्रवासी बंधुभगिनींना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, खाली सही करणारा इसम श्री. वामन म्हात्रे यांच्यावर जळतो. काल जळत होता, आज जळतो, आणि प्रकृतीने साथ दिली तर उद्याही जळेल. सदर जळण्यावर आजवर कोणतेही औषध लागू पडलेले नाही. कोणाची हरकत असल्यास त्याने ती मनात ठेवावी.

झालं जाहीर. आता घसा साफ करून गोष्टीकडे वळतो.

नव्वदीच्या सुरुवातीची ती वर्षं. आमच्या कंपनीची बस सकाळी पेणहून निघायची आणि शिफ्ट बदलायच्या आत धाटावला पोचायची. बसमधलं मागचं लांब बाक माझं होतं. ज्याला बोलता येतं त्याच्याभोवती माणसं जमतात, आणि मला बोलता येत होतं, एवढाच काय तो माझा मालकी हक्क. कासू येईपर्यंत मी वातावरण तयार करायचो, नागोठण्याला खलनायक आणायचो आणि खांबला नायकाला अशा संकटात लोटायचो की कोलाडच्या वळणावर ड्रायव्हरसुद्धा मान मागे करायचा. लोक माझ्या शेजारच्या जागेसाठी रुमाल टाकून ठेवायचे. प्रधानांची बस म्हणायचे हो त्या बसला!

आणि मग इन्स्ट्रुमेंट खात्यात म्हात्रे रुजू झाले.

उंच माणूस, खांदे उतरलेले, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी छोटा स्क्रू-ड्रायव्हर. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला, म्हणजे वेळ बघताना असं वाटायचं की स्वतःचीच नाडी तपासतायत. आणि भेटल्यावर नमस्कार नाही, राम राम नाही. समोर कुणीही येवो, विचारणार, "झोप झाली?"

मॅनेजरसाहेबांना हेच, कँटीनवाल्याला हेच. एकदा खांबला एका नवरदेवाला, ते सुद्धा लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पूजेला गेले असताना, "झोप झाली?" नवरदेव लाजून लालेलाल, करवल्या फिदीफिदी. म्हात्र्यांना काहीच कळलं नाही. ते उत्तराची वाट बघत उभे.

पहिल्याच आठवड्यात ते माझ्या बाकावर येऊन बसले. मी फॉर्मात होतो. वाघाची गोष्ट चालू होती. वाघ माझ्या मामाच्या गोठ्यात शिरला आहे, मामाच्या हातात फक्त कंदील आहे, बस कोलाडला वळते आहे, आणि मी शेवटचं वाक्य टाकून थांबलो. सगळी बस श्वास रोखून बसलेली. म्हात्र्यांनी माझ्याकडे अतिशय प्रेमाने पाहिलं आणि विचारलं,

"मग?"

मग काय मग? संपली गोष्ट! पण त्या एका "मग"ने वाघाची मांजर झाली. लोकांनाही वाटायला लागलं, खरंच, मग काय? मी काहीतरी चिवडत बसलो तेवढ्यात म्हात्रे खिडकीबाहेर बघत, पाणीपट्टीचं बिल वाचून दाखवावं अशा आवाजात म्हणाले, "डॉल्फिन असतो ना, तो अर्ध्याच मेंदूने झोपतो."

सगळी बस त्यांच्याकडे वळली.

"म्हणजे?" पुढच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"म्हणजे डावी बाजू झोपते तेव्हा उजवी जागी. मग पाळी बदलते. त्याला श्वास घ्यायला पाण्यावर यायचं असतं, सगळा झोपला तर बुडेल. म्हणून एक डोळा मिटलेला, एक उघडा."

"फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट!" कुणीतरी ओरडलं आणि बस अशी हसली, अशी हसली की काय सांगू. दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारी रुमाल नव्हता. म्हात्र्यांच्या शेजारी दोन होते.

माझ्या जळण्याची स्थापना झाली ती त्या दिवशी.

पुढे कळलं की हे त्यांचं नुसतं ज्ञान नव्हतं, वेड होतं. आधीच्या कंपनीत असताना नाईट शिफ्टच्या शेवटी ते पॅनेलसमोर उभे होते. एका टाकीचा दाब दाखवणारा काटा लाल रेघेच्या पुढे सरकत गेला. दुसऱ्या कुणीतरी धावत येऊन व्हॉल्व्ह बंद केला, म्हणून काही झालं नाही. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, वडखळच्या नाक्यावर चहा पिताना.

"मी त्या काट्याकडेच बघत होतो, प्रधान. डोळे उघडे होते माझे. आणि मी झोपलेलो होतो. आम्ही जे चुकून करतो, आणि त्यात माणसं मरायची वेळ येते, ते तो प्राणी रोज नीट करतो. कसं करतो? मला एकदा बघायचंय."

"डॉल्फिन बघायचाय? त्यात काय, बोटीने—"

"डॉल्फिन नाही. त्याच्या मेंदूची रेघ बघायची आहे. एक बाजू झोपलेली, एक बाजू जागी. माझ्या डोळ्यांनी, कागदावर."

हे बोलताना त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी ताबडतोब ओळखलं. माझ्याकडे ते भरपूर होतं. हा माणूस चक्क डॉल्फिनवर जळत होता.

तर त्यासाठी त्यांनी टोपी करायला घेतली. डॉल्फिनच्या डोक्याला चिकटेल अशी रबराची टोपी. आत चांदीच्या चकत्या, त्या मेंदूतली बारीक वीज पकडणार. पाठीवर पाणी न शिरणारा डबा, त्यात कॅसेटवर सगळं टेप होणार. ती कॅसेट मग रोह्याच्या डॉक्टरांच्या मशीनवर लावली की कागदावर रेघा. बसमध्ये रोज चौकशी व्हायची, "म्हात्रे, टोपी कुठवर आली? गिऱ्हाईक मिळालं का?" म्हात्रे शांतपणे सांगायचे, "सिग्नल आहे. फक्त गोंगाटाखाली आहे." हे त्यांचं दुसरं वाक्य. यंत्र बिघडलं, पगारवाढ अडली, बायको दोन दिवस बोलली नाही, सगळ्याला हेच.

रोह्याच्या डॉक्टरांचं सांगायला हवं. त्यांनी मुंबईहून मेंदूच्या रेघा काढायचं एक जुनं मशीन आणलं होतं, ते आठवड्यातून एकदा बंद पडायचं. म्हात्रे ते दुरुस्त करायचे आणि बदल्यात त्यावर आपले प्रयोग करायचे. एकदा मला म्हणाले, "प्रधान, चला. माणसावर चाचणी घ्यायची आहे." मला वाटलं माझ्या डोक्याला मान मिळणार. तिथे गेल्यावर तारा स्वतःच्या डोक्याला लावून घेतल्या आणि कॉटवर पडले.

"तुम्ही गोष्ट सांगा," म्हणाले. "मेंदू जागा असला की बारीक भरभर रेघा येतात. तुमची सगळ्यांत चांगली सांगा."

सगळ्यांत चांगली! मी वाघाची सुरू केली. हातवारे केले, कंदील केला, वाघाचा श्वास केला. मशीनच्या सुया सरसर चालल्या होत्या. गोठ्याचं दार करकरलं, आणि डॉक्टर पुढे वाकले. सुया मंद झाल्या होत्या. मोठ्या मोठ्या, डुलत डुलत लाटा काढायला लागल्या होत्या.

"हे काय?" मी विचारलं.

"झोप," डॉक्टर म्हणाले. मग सभ्य माणूस असल्यामुळे थोडं थांबून म्हणाले, "दोन्ही बाजूंनी."

जगात गोष्टी सांगणारे पुष्कळ झाले. ज्याची गोष्ट कंटाळवाणी असल्याचा कागदोपत्री पुरावा निघाला असा मी एकटाच. म्हात्रे उठले, कागद बघितला आणि आनंदाने माझा खांदा दाबला. "उत्तम सिग्नल, प्रधान! तुमच्याशिवाय जमलं नसतं!" आणि तो कागद बसमध्ये फिरला हो. वडखळपासून धाटावपर्यंत.

चांदीचं काय झालं तेही सांगतो. म्हात्र्यांच्या बायकोला, सुलभावहिनींना, माहेरहून आलेले जाड पैंजण होते. पेणच्या आळीत वहिनी पाणी भरायला निघाल्या की आवाजावरून कळायचं. एका हळदीकुंकवाला डबा उघडतात तर एकच पैंजण. दुसऱ्याच्या म्हात्र्यांनी सोनाराकडून चकत्या पाडून आणल्या होत्या. मी नेमका त्या संध्याकाळी तिकडे गेलेलो.

"भावोजी, तुम्हीच सांगा," वहिनी म्हणाल्या. "बायकोचे दागिने पुरुष विकतात, गहाण टाकतात, ऐकलंय. माशाच्या डोक्याला कोण लावतो?"

"मासा नाही तो," आतून आवाज आला.

"मासा नाय तर कोण? सवत?"

"चांदीच लागते, सुलभा. दुसऱ्या धातूने सिग्नल खराब होतो. काम झालं की चकत्या वितळवून पुन्हा पैंजण करून देतो. वचन."

"आणि एका पायाने काय नाचू?"

तेव्हा त्यांनी दुसराही पैंजण देऊन टाकला. रागाने दिला की प्रेमाने, ते आतून तिजोरी आपटल्याच्या आवाजावरून मला ठरवता आलं नाही. घरी येऊन बायकोला म्हटलं, मला कधी असं काही दिलं असतंस का? ती म्हणाली, तुम्ही कधी काही करायला घेतलंयत का?

असो.

आणि त्या फाल्गुनात, पौर्णिमेच्या उधाणाला, वडखळच्या पलीकडे खाडीकाठच्या एका गावात बांधाला खांड पडली. म्हणजे मातीचा बांध फुटून खाडीचं खारं पाणी शेतात घुसलं. पाण्याबरोबर आत आला एक गादा. डॉल्फिनला खाडीकाठची माणसं गादा म्हणतात. ओहोटीला पाणी उतरलं, गादा शेताच्या पलीकडच्या खोलगट तळ्यात अडकला. आता त्याला बाहेर जायचं तर पुढच्या उधाणालाच, अमावास्येला. मधल्या दिवसांत भरतीचं पाणी खांडीपर्यंत चढतच नाही.

बसमध्ये बातमी आली तेव्हा सगळ्यांनी एकदम म्हात्र्यांकडे बघितलं. आणि मी? मी आयुष्यभर वाघाच्या गोष्टी सांगितल्या. एक वाघ कधी माझ्या दारात आला नाही. या माणसाने टोपी शिवायला घेतली तर गिऱ्हाईक आपल्या पायाने, म्हणजे पाय नसताना, चालत आलं!

अडचण एकच होती. खांड पडली की ती बांधायची याच मधल्या दिवसांत, पाणी कमी असताना. घरटी एक माणूस चिखल काढायला जातो, ही त्या गावांची पूर्वापारची रीत. खांड बांधली तर गादा कायमचा आत. उघडी ठेवली तर अमावास्येला पुन्हा खारं पाणी शेतात. ज्या शेतात पाणी भरणार होतं ते होतं हिराबाईंचं. काळ्याभोर, सत्तरीच्या, कासोटा मारून चिखलात पुरुषाच्या बरोबरीने उतरणाऱ्या. बांधावर गावाची बैठक बसली तेव्हा त्यांनी विषय संपवला.

"पाहुना आलाय तो. पाहुन्याला आत घेऊन दार लावतंय का कोन? राहूंदे खांड अमावाशेपावत. माझी जमीन हाय, माझी तक्रार नाय." मग म्हात्र्यांकडे वळून, "पन सायब, तुमी काय करनार त्याला?"

"टोपी घालणार," म्हात्रे म्हणाले.

हिराबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "घाला. आमाला बी लई जनांनी घातली."

म्हात्रे सोडून सगळा बांध हसला. वनखात्याचे एक साहेब येऊन बघून गेले. गाद्याला दोरीने बांधायचं नाही, पाण्याबाहेर काढायचं नाही, तो होऊन जवळ आला तरच हात लावायचा, अशी ताकीद दिली. म्हात्र्यांनी रजा टाकली आणि छातीभर पाण्यात उभे राहायला सुरुवात केली. नुसते उभे. हातात बोईट मासा. सुरुवातीला गादा लांबून फिरायचा, मग जवळून, मग हातातून मासा घ्यायला लागला. बोईट अर्थातच वहिनींनी स्वतःच्या जेवणासाठी निवडून आणलेले. "मला नीट उकडे तांदूळ आणून द्यायला वेळ नाय, आणि तिला ताजे बोईट," त्या म्हणायच्या. गादा मादी आहे हे वहिनींनीच ठरवलं. कुणाची विरोध करायची छाती नव्हती.

टोपीचं माप हवं होतं. हिराबाई म्हणाल्या, "डोस्कं कलशीच्या बुडासारकं हाय, बराबर." म्हणून म्हात्रे कळशी घेऊन पेणला गेले, दिगूशेठच्या गणपतीच्या कारखान्यात. दिगूशेठ रबराचे साचे करण्यात उस्ताद. त्यांनी कळशीच्या बुडावर रबर चढवलं, चकत्या बसवल्या, कडेला चार वाट्या केल्या, दाबल्या की त्वचेला घट्ट धरतील अशा. वाट्या आपोआप सुटाव्यात म्हणून प्रत्येकीला भोक ठेवून त्यात म्हात्र्यांनी खडीसाखरेचा खडा बसवायचं ठरवलं. साखर विरघळली की भोकातून पाणी आत शिरणार, वाटी सुटणार, टोपी तरंगत वर येणार. खडीसाखर घरच्या देव्हाऱ्यातली होती, हे वेगळं सांगायला नको.

टोपी आणायला आम्ही दोघं गेलो. दिगूशेठने कापड बाजूला केलं आणि मी तुम्हाला काय सांगू! सोनेरी टोपी. कडेला लाल काठ. आणि समोर दोन डोळे काढलेले, पेणच्या गणपतींना काढतात त्या आखणीचे, ओलसर दिसणारे. एक उघडा. एक मिटलेला.

"दिगूशेठ, हे काय?" म्हात्रे म्हणाले.

"साहेब, तुम्हीच बोललात ना, एक डोळा उघडा ठेवून झोपते. आणि पेणमधून बिनरंगाचं काही बाहेर जात नाही. नाव जातं आमचं."

म्हात्रे त्या डोळ्यांकडे बघत राहिले. हा माणूस माझ्या वाघाला झोपला होता, आणि इथे त्याची पापणी लवत नव्हती. मी त्या टोपीवरही जळलो, लिहून ठेवा.

दुसऱ्या दिवशी टोपी चढली. गादा मासा घ्यायला आला, म्हात्र्यांनी दोन्ही हातांनी अलगद दाबली, आणि तो सोनेरी मुकुट घालून तळ्यात फिरायला लागला. हिराबाईंनी लांबून नमस्कार केला. साखर विरघळली, टोपी वर आली, कॅसेट काढून आम्ही रोह्याला पळालो. डॉक्टरांनी मशीन लावलं.

सरळ रेघ. दोन्ही बाजूंनी. पट्टीने मारावी तशी.

"गोंगाटाखाली असेल," मी म्हणालो. मला बरं वाटत होतं, हे कबूल करायला मला अजिबात संकोच नाही.

"गोंगाटसुद्धा नाही," म्हात्रे म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज पडलेला ऐकला मी. "गोंगाट तरी हवा होता."

टोपी उलटी करून दिव्याखाली धरली. आतल्या चकत्या लखलखत होत्या. आरशासारख्या.

म्हात्रे तसेच उठले, तडक पेणला. दिगूशेठ, चकत्यांना काय केलंत? दिगूशेठ अभिमानाने म्हणाले, "काळ्या पडल्या होत्या, साहेब. देवाच्या कामातली चांदी असल्यासारखी चिंचेने घासली. खारं पाणी आहे म्हणून वरून वार्निशचे दोन हात दिले. वर्षभर डाग पडणार नाही."

त्या चकत्या म्हात्र्यांनीच मुद्दाम काळ्या केल्या होत्या. मिठाच्या पाण्यात बॅटरी लावून, चार संध्याकाळी खपून. तो काळा थर होता म्हणून मेंदूची वीज पकडली जाणार होती, आणि वार्निशमधून तर पंख्याची वीज आली नसती. मला वाटलं आता भडकणार. म्हात्रे फक्त म्हणाले, "मीच सांगायला हवं होतं." मग ब्लेड घेऊन तिथेच अर्धवट रंगवलेल्या गणपतींच्या रांगेत खाली बसले आणि वार्निश खरवडायला लागले. दिगूशेठसुद्धा शरमून दुसरं ब्लेड घेऊन बसले. बाहेरचे डोळे मात्र दोघांनीही खरवडले नाहीत.

पुन्हा चांदी काळी करण्यात दिवस गेले. अमावास्या उजाडली. म्हणजे शेवटची संधी तीच.

उधाणाची भरती आमच्याकडे भर दुपारी येते, जेवणाच्या वेळेला. साप्ताहिक सुट्टी होती, सगळी बस बांधावर लोटली होती. सुलभावहिनीही आल्या होत्या, पहिल्यांदाच. ठेवणीतली साडी नेसून. का, ते बायकांना विचारा. पाय मोकळे. चालताना आवाज नव्हता, म्हणून त्या कधी येऊन उभ्या राहिल्या ते कुणाला कळलंच नाही.

सकाळी टोपी चढली. या वेळी साखरेवर मेणाचा हात दिला होता, मागच्या वेळी लवकर विरघळली म्हणून. हिशोब असा की भरती खांडीपर्यंत चढायच्या आत टोपी सुटेल. गादा एका बाजूने हळूहळू गोल फिरत होता. एक चक्कर, वर येऊन फुस्स करून श्वास, पुन्हा चक्कर. आणि हिराबाई कुजबुजल्या, "सायब, मिटलाय."

एक डोळा मिटलेला होता. त्याच्या वर टोपीवरचा एक डोळा मिटलेला. आत कॅसेट फिरत होती. माणूस आयुष्यात ज्याची वाट बघतो ते सात-आठ हातांवर घडत होतं आणि टेप होत होतं. म्हात्रे पाण्यात उभे होते, हात अर्धवट वर उचललेले, झोपलेल्या मुलाच्या पाळण्याजवळ उभं राहावं तसे.

आणि भरती आली. अंदाजाच्या आधी आली. वारा समुद्राकडून होता, पाणी खांडीवरून ओसंडून आत वळलं, तळं आणि खाडी एक झाली. गाद्याने चक्कर मोडली. तोंड खांडीकडे वळलं.

टोपी सुटली नव्हती. मेण जास्त झालं होतं.

"सायब!" हिराबाई ओरडल्या. "जालं हाय! आडवं टाकूं खांडीत? मान्सं तयार हायत. तुमचा डबा काडून घ्या, पुढच्या उधानाला सोडूं तिला!"

बोलायचा अवकाश, जाळं पसरलं असतं. कॅसेट हातात आली असती. मी म्हात्र्यांकडे बघत होतो. सगळे बघत होते.

"पुढच्या उधाणापर्यंत जगेल?" म्हात्र्यांनी विचारलं.

हिराबाई खोटं बोलत नव्हत्या. "काय सांगूं? आंग उतारलंय तिचं."

म्हात्र्यांनी गाद्याकडे एकदा नीट पाहिलं. मग त्या पाणीपट्टीच्या आवाजात म्हणाले, "जाळं नको. एक डोळा अजून मिटलेलाच आहे तिचा. झोपेत चालली आहे. उठवू नका."

आता एक सांगतो आणि मग तुम्हाला पुन्हा बांधावर आणून सोडतो. ती कॅसेट मिळाली नाही. खाडीकाठच्या गावांत सगळीकडे सांगून ठेवलं, सोनेरी टोपी दिसली तर कळवा. कुणालाच दिसली नाही. हिराबाईंनी दुसऱ्या दिवशी खांड बांधायला घेतली, पाठोपाठ चिखलाच्या पाट्या उचलायला म्हात्रे. घरटी एक माणूस, तसे तेही. पुढे त्यांना गुजरातेत नोकरी लागली आणि ते पेण सोडून गेले. मागचं बाक पुन्हा माझ्याकडे आलं. मी बसलो, घसा साफ केला, वाघ काढला. वडखळलाच कुणीतरी म्हणालं, "प्रधान, वाघ राहू दे. ती म्हात्र्यांची सांगा." तेव्हापासून आजपर्यंत लग्नात, बारशात, दहाव्याला, कुठेही गेलो तरी माझ्याकडे एकच गोष्ट मागतात. माझी सगळ्यांत चांगली गोष्ट त्या माणसाची आहे. जळू नको तर काय करू?

तर, बांधावर या.

गादा खांडीतून निघाला. कसलीही घाई नाही. सोनेरी टोपी उन्हात चमकत पाण्यावर दिसली, बुडाली, आणखी पुढे दिसली. म्हात्रे गळ्यापर्यंत पाण्यात, हात अजून तसेच वर. मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. खांदे नेहमीसारखेच उतरलेले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांना ओरडून विचारावंसं वाटलं, मग? म्हात्रे, मग?  बांधावर एवढी माणसं, पण पाण्याच्या आवाजाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. खाडीच्या मधोमध ती टोपी शेवटची वर आली, डोळ्यांची आखणी क्षणभर आमच्याकडे वळली, आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या सुलभावहिनी अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या,

"अहो, माझे पैंजण घालून चालली की हो ती!"